शंका असू द्या, पण मीटर लावा

फ्रिज-एसी दुरुस्तीच्या धंद्यात एक सवय अंगात मुरते. सांगोवांगीवर जायचं नाही. गिऱ्हाईक म्हणतं "गॅस गेलाय", तरी आधी प्रेशर बघायचं, अँपिअर बघायचे, मगच पाना उचलायचा. म्हणून कुणी "तापमानवाढ हे थोतांड आहे" म्हणालं तर मी चिडत नाही. फक्त त्याची तपासायची तयारी हवी.

तपासायचं कसं? आधी शंका एका वाक्यात कागदावर लिहा. "मला पटत नाही" ही शंका नव्हे, ती कुरकुर. "तापमानाच्या नोंदीच चुकीच्या आहेत", "सूर्यच जास्त तापलाय", "हवेत ०.०४ टक्के असलेला कार्बन डायऑक्साइड काय करणार?" या तीन वेगळ्या शंका आहेत. एकीचं उत्तर मिळालं की लगेच दुसरीवर उडी मारायची नाही. आणि कागदाच्या खाली हेही लिहून ठेवा की काय दिसलं तर तुम्ही मत बदलाल.

अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाचे भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड मुलर यांना नोंदींबद्दलच शंका होती. त्यांनी गट जमवून जगभरच्या नोंदी पुन्हा तपासल्या. खर्चाचा काही भाग तेल-उद्योगातल्या कोक (Koch) कुटुंबाच्या प्रतिष्ठानाकडून आला होता. २०१२ साली मुलर यांनी जाहीरपणे सांगितलं, की वाढ खरी आहे आणि ती जवळजवळ सगळी माणसामुळे आहे. शंका घ्यायची तर अशी.

सूर्याचं म्हणाल तर १९७८पासून उपग्रह त्याची ऊर्जा मोजतायत आणि तिच्यात चढता कल नाही. शिवाय सूर्य तापला असता तर वातावरणाचा वरचा थरही तापायला हवा होता. तो उलट गार होत गेलाय. ०.०४ टक्क्यांचं उत्तर जॉन टिंडल या भौतिकशास्त्रज्ञाने १८५९मध्येच नळीत वायू भरून मोजलं होतं. हवेचा ९९ टक्के भाग असलेले नायट्रोजन आणि ऑक्सिजन उष्णतेचे किरण जवळपास अडवतच नाहीत, कार्बन डायऑक्साइड अडवतो. हवाई बेटावरच्या मौना लोआ वेधशाळेत १९५८मध्ये मोजणी सुरू झाली तेव्हा तो दहा लाखांत सुमारे ३१५ भाग होता, आता ४२०च्या पुढे गेलाय.

कुणी तापमानाचा आलेख दाखवला की आधी सुरुवातीचं साल बघा. १९९८ हे एल निनोमुळे, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी अधूनमधून तापतं त्यामुळे, फार तापलेलं वर्ष. तिथून रेघ ओढली की पुढची काही वर्षं सपाट दिसतात. निदान तीस वर्षांचा पट्टा मागा.

खरी अनिश्चितता कुठे आहे, तेही सांगतो. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर तापमान नेमकं किती वाढेल? आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान-समितीच्या २०२१च्या अहवालातला अंदाज अडीच ते चार अंश असा आहे. ढग कसे वागतील यावर बरंच अवलंबून आहे. इथे खुशाल वाद घाला.

आता हाच कडकपणा घरातल्या पर्यावरणप्रेमालाही लावा. प्लगमध्ये बसणारा वीजमीटर मिळतो, तो घ्या. रिकामा मोबाइल चार्जर ०.१ वॉटच्या आसपास खातो, म्हणजे वर्षभर लावून ठेवला तरी एक युनिटही होत नाही. पंधरा लिटर पाणी पंचवीस अंशांनी तापवायला जवळपास ०.४४ युनिट लागतं. दोन बादल्यांत चार्जरचं वर्ष संपलं! तरी लोक चार्जर काढतात आणि गीझर तासभर चालू ठेवतात. कापडी पिशवीचंही तसंच. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याच्या २०१८च्या अभ्यासात, निव्वळ हवामानाच्या हिशेबाने सुती पिशवी पन्नासहून जास्त वेळा वापरली तरच ती साध्या प्लास्टिक पिशवीच्या बरोबरीला येते. असलेली वापरा, नवी गोळा करू नका.

एसीच्या जाळ्या आणि कंडेन्सर धुऊन घ्या, फ्रिजच्या दाराचं रबर ढिलं असेल तर बदला. यासाठी तापमानवाढीवर विश्वास असायची गरज नाही, बिल कमी येतं.

माझ्या मते घरातली सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे एसीतला गॅस. बऱ्याच एसींत असलेला आर-४१०ए हा गॅस शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या दोन हजार पट उष्णता अडवतो. एक किलो हवेत सोडला की सुमारे नऊशे लिटर पेट्रोल जाळल्याइतका परिणाम. आणि "दरवर्षी गॅस भरावाच लागतो" हे साफ खोटं. यंत्रणा बंदिस्त असते, गॅस वापरून संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय. मेकॅनिकला सांगा, आधी गळती शोध. नायट्रोजनचं प्रेशर देऊन सांध्यांना साबणाचं पाणी लाव, गळणारा सांधा दुरुस्त कर, व्हॅक्यूम ओढ आणि वजनकाट्यावर मोजून गॅस भर. नुसता भरून देणाऱ्याला पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा बोलवावं लागतं, आणि त्याला ते चालतंच.

एसी जागेवरून काढतानाही पाइप थेट कापू देऊ नका. चालू स्थितीतल्या स्प्लिट एसीचा गॅस 'पंप डाऊन' करून बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घेता येतो. कॉम्प्रेसर बंद पडला असेल, किंवा एसी भंगारातच जाणार असेल, तर रिकव्हरी मशीनने गॅस सिलिंडरमध्ये काढून घ्यावा लागतो. आपल्याकडे तसं मशीन नाही म्हणणाऱ्याला चहापाणी करून परत पाठवा आणि मशीनवाला शोधा.