जांभ्याच्या जमिनीत डिटेक्टर उगाच वाजतोय?

कोकणात अंगणात पडलेली अंगठी शोधताना मेटल डिटेक्टर पावलोपावली वाजत असेल, तर तो जांभ्यातल्या लोहाचा प्रताप. आधी ग्राउंड बॅलन्स करा, म्हणजे जमिनीतल्या लोहाचा आवाज गाळला जाईल असं डिटेक्टरचं सेटिंग जुळवा. धातू नसलेल्या जागी कॉइल (दांड्याच्या टोकाची चकती) जमिनीलगत आणा, वीतभर उचला, परत खाली न्या. वर-खाली करताना आवाज बदलेनासा झाला की जमलं. लाल माती संपून भरावाची माती लागली, किंवा रत्नागिरीच्या किनाऱ्यासारखी इल्मेनाइटची (लोह असलेल्या खनिजाची) काळी वाळू आली, की हे पुन्हा करायचं. इथेच लोक आळस करतात.

तरी कुरकुर थांबली नाही तर सेन्सिटिव्हिटी उतरवा. खोली कमी मिळेल, पण काल पडलेली अंगठी काही हातभर खाली गेलेली नसते. लहान कॉइल असेल तर तीच लावा, तिच्या टप्प्यात माती कमी येते.