मॉरिस मायनर आणि इंग्लंडचा हिवाळा : चार्जिंग-हीटरच्या या चुका टाळा

हेडलाइट चालू, वायपर चालू, हीटरचा पंखा चालू आणि गाडी सिग्नलला उभी. डॅशवरचा लाल दिवा मिणमिणायला लागतो, हेडलाइट पिवळे पडतात. डिसेंबरात इथे मॉरिस मायनर ही जुनी ब्रिटिश गाडी चालवणाऱ्याला हे नवीन नाही. मग माणूस नवी, मोठी बॅटरी आणतो. टाकी मोठी घेतली म्हणून नळाला जास्त पाणी येत नाही, तसंच हे. मायनरचा लुकास सी-४० डायनामो (इंजिनवर फिरून वीज देणारं यंत्र) भरवेगात जेमतेम 22 अँपिअर देतो, आणि गाडी उभी असताना जवळपास काहीच नाही. हेडलाइटच सात-आठ अँपिअर खातात. सगळा लोड बॅटरीवर येतो आणि ती उतरते.

डायनामोच्या जागी अल्टरनेटर (तेच काम करणारं, पण जास्त वीज देणारं यंत्र) बसवणं हा खरा उपाय. लुकासचा 17एसीआर 36 अँपिअर देतो, तेही बरंच कमी फिरतीला. पण आधी डायनामो फिरवणारा पट्टा तपासा (मधोमध दाबला की साधारण अर्धा इंच हलावा) आणि अर्थची (बॅटरी बॉडीला जोडणारी) जाड पट्टी काढून गंज घासून टाका. कित्येक गाड्यांचं दुखणं तिथेच संपतं.

अल्टरनेटर बसवताना सगळ्यात महाग चूक मी स्वतः केली आहे. मायनर मुळात पॉझिटिव्ह अर्थची गाडी, म्हणजे बॅटरीची धन बाजू बॉडीला. मी ते विसरून अल्टरनेटर तसाच जोडला आणि त्यातले डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) क्षणात जळाले. गाडी आधी निगेटिव्ह अर्थ करून घ्यायची. बॅटरीची धन खुंटी जाड आणि ऋण खुंटी बारीक असते, त्यामुळे जुने क्लॅम्प उलटे नीट बसत नाहीत. ठोकून बसवू नका, नवे घ्या. इग्निशन कॉइलच्या (इंजिनच्या ठिणगीसाठीची) दोन बारीक वायरींची अदलाबदल करा. जुना रेडिओ असेल तर तो आधी काढून ठेवा.

आता गंमत. हे सगळं केल्यावर चार्जिंग झकास, पण हीटर पूर्वीपेक्षा गार! हीटरच्या मोटरमध्ये कायमचं चुंबक असेल, तर प्रवाह उलटल्यावर ती उलटी फिरते. आवाज नेहमीचाच, वारा मात्र मरतुकडा. मोटरच्या दोन वायरी अदलाबदल केल्या की काम झालं. हे न कळल्यामुळे लोक हीटर बदलतात.

चार्जिंगच्या लाल दिव्याच्या जागी एलईडी लावू नका. त्या साध्या बल्बमधून जाणाऱ्या थोड्याशा विजेवरच अल्टरनेटर जागा होतो. आणि डायनामोची जुनी वायर वाढलेल्या अँपिअरसाठी पुरेल असं गृहीत धरू नका. जाड टाका.

हीटरकडे वळू. आपल्याकडे अँबॅसिडर तापली की मेकॅनिक थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून फेकायचे. ती सवय घेऊन इथे आलात तर इंजिन कधी गरमच होणार नाही, आणि हीटर तरी कुठून होणार? 82 अंशांचा थर्मोस्टॅट हवाच, थंडीत 88 चा. मग इंजिन तापल्यावर हीटरचे दोन्ही पाइप हाताने चाचपा. दोन्ही गरम असतील तर पाणी ठीक आहे, गोंधळ पंख्यात किंवा हवेच्या वाटेत. एक गरम, एक गार असेल तर आत गाळ किंवा हवा अडकली आहे. दोन्ही गार असतील तर इंजिनच्या हेडच्या मागच्या बाजूची हीटरची तोटी बघा. उन्हाळ्यात बंद केलेली तशीच राहिलेली असते. गाळ काढायला बागेची नळी उलट्या दिशेने लावा, पण नळ पूर्ण सोडू नका. जुन्या हीटरचे सांधे डाखाचे असतात, फुटतात.

एवढं करूनही पाय गारठत असतील तर खाली वाका. मायनरची पेडलं फरशीतून वर येतात आणि त्यांच्याभोवतीचं रबर कधीच कुजून गेलेलं असतं. माझ्या गाडीत क्लचच्या भोकातून खालचा ओला रस्ता दिसत होता.