घन ज्वलनाच्या अस्थैर्याचे गणित: नव्या अभ्यासकांसाठी अनुभव

घन इंधनाच्या ज्वलनाचा अभ्यास सुरू केला तेव्हा मी कागद बाजूला ठेवून थेट संगणकाकडे वळलो. ज्वलनाची आघाडी थांबत, झेपावत पुढे सरकताना दिसली आणि अस्थैर्य सापडले असे समजून मी कित्येक आठवडे आकडे गोळा केले. प्रत्यक्षात माझ्या जाळीतील, म्हणजे गणनेसाठी घेतलेल्या बिंदूंमधील, अंतर अभिक्रियेच्या पट्ट्याच्या जाडीहून मोठे होते. जाळी बारीक करताच स्पंदने नाहीशी झाली.

खरी स्पंदनेही असतात, आणि त्यांचे कारण आधी समजून घ्यावे. घन पदार्थात उष्णता पसरते, इंधन मात्र जागचे हलत नाही. आघाडी मंदावली की पुढच्या न जळलेल्या थरात उष्णता साठत जाते, मग तो थर नेहमीपेक्षा अधिक तापमानाला झपाट्याने जळतो, आणि त्यापुढचा थर थंडच असल्याने आघाडी पुन्हा रेंगाळते. अभिक्रियेचा वेग तापमानाला जितका संवेदनशील, तितके हे चक्र बळावते. गणितज्ञ मात्कोव्स्की आणि सिवाशिन्स्की यांनी १९७८ मध्ये या स्पंदनांचे द्विशाखनाच्या, म्हणजे स्थिर उत्तरातून नवे उत्तर फुटण्याच्या, अंगाने विश्लेषण केले.

अभिक्रिया एका पातळ पृष्ठावरच घडते असे मानणारे एकमितीय मॉडेल घ्या आणि त्याचे रेषीय विश्लेषण (अगदी लहान विक्षोभ, म्हणजे ढळ, वाढतो की विझतो हे पाहणे) स्वतः हाताने करा, हा माझा आग्रह आहे. विक्षोभाचा वाढदर ‘व’, झेल्डोविच अंकाचा (अभिक्रियेच्या वेगाची तापमानाबाबतची संवेदनशीलता मोजणाऱ्या अंकाचा) अर्धा भाग ‘झ’ आणि स = √(१ + ४व) असे मानले, तर पृष्ठावरील तापमानाचे सातत्य, उष्णताप्रवाहातील उडी आणि वेगाचा नियम या तीन अटींतून, आघाडीच्या निव्वळ सरकण्याशी निगडित असलेले स = १ हे मूळ वेगळे काढल्यावर, स² + (१ − झ)स + झ = ० एवढेच समीकरण उरते. ‘व’ चा वास्तव भाग शून्य ठेवल्यास, म्हणजे विक्षोभ वाढतही नाही आणि विझतही नाही अशा सीमेवर, झ = २ + √५, म्हणजे सुमारे ४.२४ मिळतो, त्या क्षणी स चा वास्तव भाग नेमका सुवर्ण गुणोत्तराएवढा असतो. हे पहिल्यांदा कागदावर उतरले तेव्हा मी तो हिशेब पुन्हा पुन्हा तपासला आणि त्याचा आनंद आजही टिकून आहे.

या समीकरणाची मुळे तपासताना मात्र घाई करू नये. स चा वास्तव भाग १ पेक्षा कमी असेल, तर जळून गेलेल्या बाजूला क्षीण होत जाणारे फलन मिळत नाही. झ ३ च्या खाली असताना हेच घडते, आणि मी अशा मुळांचे आलेख नाहक काढत बसलो होतो. शिवाय सतत वर्णपट (सुट्या मुळांखेरीज वाढदराच्या मूल्यांचा सलग पट्टा) शून्याला येऊन भिडतो, त्यामुळे स्थैर्याची सिद्धता हवी असल्यास भारित अवकाशात, म्हणजे दूरच्या विक्षोभांना वेगळे वजन देणाऱ्या मापाने, काम करावे लागते.

त्यानंतरच संगणकाकडे जावे. याच पृष्ठीय मॉडेलात झ = ४ घेतल्यावर लहान विक्षोभ विझला पाहिजे, ४.५ घेतल्यावर वाढला पाहिजे, आणि सीमेवर त्याची कोनीय वारंवारता, औष्णिक काळाच्या (उष्णतेची विसरणशीलता भागिले आघाडीच्या वेगाचा वर्ग) एककात, सुमारे १.०३ आली पाहिजे. माझा दुसरा प्रोग्रॅम या तिन्ही कसोट्यांना उतरला, तेव्हाच मी मर्यादित जाडीच्या अभिक्रियेकडे वळलो.