सोलापूरच्या कोरड्या हवेत भिंतीला ओल? या चुका टाळा

मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढं आणि कपाटातल्या चादरींना कुबट वास! पुण्याच्या पाहुण्यांना सांगितलं तर हसतात. पण आपल्याकडं ओल आभाळातून कमी आणि आपल्याच साठवणीतून जास्त येते. नळाला रोज पाणी नाही, म्हणून दारात हौद, गच्चीवर टाक्या, मोरीत पिंपं. टाकी भरून वाहिली तरी खाली पत्ता लागत नाही. छताला पोपडे धरले की मग कळतं.

सगळ्यात महागाची चूक म्हणजे पोपडे खरवडून वर रंग मारणं. आम्ही एका दिवाळीला तेच केलं. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरेपर्यंत तोच डाग नव्या रंगातून वर आला. पाणी चालूच असेल तर आतून लावलेला वॉटरप्रूफ रंग ते अडवत नाही, भिंतीत कोंडतो.

म्हणून आधी पाण्याची वाट शोधा. फूटभर प्लास्टिकचा कागद भिंतीला चारही कडांनी चिकटपट्टीनं घट्ट लावा, दोन दिवसांनी बघा. कागदाच्या मागं थेंब असतील तर ओल भिंतीतली. खोलीकडच्या बाजूला असतील तर हवेतल्या वाफेची. जमिनीपासून दोन-तीन फूट लोणा, म्हणजे पांढरा क्षार, धरला असेल तर ओल पायातून चढतेय. छताजवळ डाग असेल तर टाकी, पाइप आणि गच्ची तपासा.

जुन्या पेठांतल्या दगड-मातीच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा करू नका. ओल बाहेर पडायची वाट बंद होते आणि ती आणखी वर चढते. तिथं चुन्याचाच गिलावा हवा, गवंडी कितीही नाही म्हणू दे.

कूलर लावून दारं-खिडक्या बंद करणं हीही आपली खास सवय. कूलरची दमट हवा बाहेर जायला समोरची एक खिडकी उघडी ठेवा. गारवाही जास्त लागतो.

बुरशी कोरड्या झाडूनं झटकली तर घरभर उडते. तोंडाला मास्क लावून साबणाच्या पाण्यानं पुसा. ब्लीचनं काळेपणा जातो, पण गिलाव्यात मुरलेली बुरशी तशीच राहते. भुसभुशीत झालेला गिलावा काढावाच लागतो. आणि ब्लीचमध्ये संडास धुण्याचं ॲसिड चुकूनही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

गच्चीचं काम एप्रिल-मेमध्येच उरका. आपल्याकडं जोराचा पाऊस सप्टेंबरात येतो, तेव्हा गवंडीही मिळत नाही आणि भिंतही वाळत नाही.