मोड निवडण्याआधी एक पिक्सेल मोजा

ब्लेंडिंग मोडची, म्हणजे वरचा लेअर खालच्या लेअरमध्ये कसा मिसळायचा हे ठरवणाऱ्या पर्यायांची, यादी वरून खाली चाळत जायची आणि डोळ्यांना बरं दिसलं की थांबायचं, ही पद्धत मला मान्य नाही. एका शॉटमध्ये ती खपून जाते. पुढच्या शॉटमध्ये प्रकाश बदलतो, तोच मोड विचित्र दिसायला लागतो आणि का ते कळत नाही. म्हणून कंपोझिटिंग, म्हणजे अनेक लेअर जोडून एक चित्र बनवणं, शिकायला आलेल्या प्रत्येकाला मी आधी ती यादी बंद करायला लावते. इन्फो पॅनेल उघडा, कर्सर एका पिक्सेलवर ठेवा आणि दोन्ही लेअरचे आरजीबी (लाल, हिरवा, निळा या तीन चॅनलचे) आकडे कागदावर उतरवा.

८ बिट चित्रात प्रत्येक चॅनल ० ते २५५ असतो. गणितासाठी त्याला २५५ने भागायचं, म्हणजे काळा ० आणि पांढरा १.

मल्टिप्लाय म्हणजे सरळ गुणाकार. १पेक्षा लहान आकड्याने गुणलं की उत्तर घटतंच, त्यामुळे हा मोड चित्र कधीच उजळवत नाही. पांढऱ्याने गुणलं तर काही बदलत नाही, म्हणून स्कॅन केलेल्या रेखाटनाचा पांढरा कागद आपोआप नाहीसा होतो. पण गुणाकार प्रत्येक चॅनलचा वेगळा होतो, हे विसरू नका. खाली नारिंगी आहे, २३०, १२०, ४०. त्यावर निळी सावली मल्टिप्लाय केली, ४०, ९०, २००. उत्तर येतं ३६, ४२, ३१. ना नारिंगी, ना निळा, नुसता मळकट काळपट रंग. निळ्याने लाल खाल्ला आणि नारिंगीने निळा. सावलीला निळसर झाक हवी असेल तर तिचा लाल चॅनल निळ्यापेक्षा थोडासाच खाली ठेवा. त्वचेवर सावली टाकताना तर हे पाळाच, नाहीतर चेहरा आजारी दिसतो.

स्क्रीन म्हणजे हेच गणित उलट्या बाजूने: दोन्ही रंग १मधून वजा करा, गुणा, उत्तर पुन्हा १मधून वजा करा. २०० आणि २०० स्क्रीन केले की २४३ येतात. तेच ॲडने, म्हणजे साध्या बेरजेने, केलं तर ४०० होतात, आणि ८ बिटमध्ये २५५च्या वरचं सगळं छाटलं जातं. ८ बिटमध्ये धूर किंवा ठिणग्या टाकताना स्क्रीन बरा वाटतो तो यामुळेच.

आता खरा कळीचा मुद्दा. हे आकडे कोणत्या पट्टीवर मोजलेत? एसआरजीबी म्हणजे पडद्यावरच्या चित्रांची नेहमीची पट्टी; तिच्यातला १२८ हा निम्मा प्रकाश नव्हे. लिनिअरमध्ये, म्हणजे आकडा प्रकाशाच्या थेट प्रमाणात असतो त्या पट्टीवर, तो जेमतेम ०.२१६ असतो, आणि निम्म्या प्रकाशाला एसआरजीबीत १८८च्या आसपास जावं लागतं. समजा, दोन दिव्यांचे दोन रेंडर पास (प्रत्येक दिव्याचा प्रकाश वेगळा काढलेली चित्रं) आहेत आणि एका पिक्सेलवर दोघांचाही करडा १२८ आहे. एसआरजीबीतच ॲड केलं तर बेरीज २५६, म्हणजे भिंत पांढरीफटक. लिनिअरमध्ये ॲड केलं तर ०.४३२ येतात आणि परत एसआरजीबीत आणल्यावर १७६. प्रत्यक्षात दोन दिवे लावल्यावर भिंत जशी उजळेल, ते हे दुसरं उत्तर. प्रकाश प्रकाशात मिसळायचा असेल, म्हणजे ग्लो, फ्लेअर, लाइट पास, तर लिनिअरमध्येच काम करा. आफ्टर इफेक्ट्समध्ये प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये रंग १.० गॅमाने, म्हणजेच लिनिअरमध्ये, ब्लेंड करण्याचा पर्याय आहे. फोटोशॉपमध्ये तसाच पर्याय कलर सेटिंग्जमध्ये मिळेल.

ओव्हरले मात्र लिनिअरमध्ये लावू नका. हा मोड खालच्या लेअरकडे बघतो: खालचा आकडा ०.५च्या आत असेल तर दुप्पट मल्टिप्लाय, वर असेल तर त्याच तऱ्हेचा स्क्रीन. वरच्या लेअरमध्ये नेमका ०.५ असेल तर चित्र जसंच्या तसं राहतं. ग्रेनची (फिल्मसारख्या दाण्यांची) प्लेट किंवा डॉज-बर्नचा (जागोजागी उजळ-गडद करण्याचा) लेअर मधल्या करड्यावर बनवतात ते याच हिशोबाने. पण लिनिअरमध्ये तोच करडा ०.२१६ होऊन बसतो आणि अख्खी फ्रेम काळवंडते. ग्रेनची प्लेट निर्दोष असते, पट्टी चुकलेली असते.

फ्लोटमध्ये, म्हणजे दशांश आकडे साठवणाऱ्या चित्रात, आणखी एक सापळा आहे. तिथे १च्या वरचे आकडे टिकून राहतात, आणि स्क्रीनचं सूत्र १पर्यंतच धड चालतं. दिव्याचा पिक्सेल ३ आहे, त्यावर ०.५चा फ्लेअर स्क्रीन केला: १ वजा (−२ गुणिले ०.५), म्हणजे २. प्रकाश टाकला आणि दिवा मंद झाला! काही सॉफ्टवेअर अशा पिक्सेलसाठी सूत्र बदलून घेतात. फोटोशॉप तर ३२ बिटमध्ये स्क्रीन देतच नाही. फ्लोटमध्ये सरळ ॲड वापरा. तिथे छाटणी होत नाही, त्यामुळे स्क्रीनची गरजही उरत नाही.

ह्यू, सॅच्युरेशन, कलर, ल्युमिनॉसिटी हे चौघे तिन्ही चॅनल एकत्र बघतात, त्यांना वरचं चॅनलवार गणित लागू नाही.

उत्तर पडताळायला डिफरन्स घ्या; हा मोड दोन लेअरच्या आकड्यांतला फरक दाखवतो. फ्लॅट केलेली (सगळे लेअर एकत्र केलेली) जुनी आवृत्ती नव्या कंपवर (कंपोझिशनवर) ठेवून मोड डिफरन्स करा. जिथे आकडे जुळतात तिथे काळं दिसेल. पण नुसत्या नजरेवर जाऊ नका. २-३चा फरकही काळाच दिसतो. व्ह्यूअरचं एक्स्पोजर चार-पाच स्टॉप वाढवा आणि मग बघा.