आरव्हीचा फ्रिज गार होत नव्हता, तो असा सुरू झाला

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातलं ब्लॅक रॉक माउंटन स्टेट पार्क ३,६४० फुटांवर, दाट झाडीत आहे. तिथे आरव्ही (राहायची सोय असलेली गाडी) लावली, पण गॅसवर चालणारा फ्रिज काही गार होईना. ज्योत व्यवस्थित पेटलेली होती. शेवटी आतल्या फरशीवर स्पिरिट लेव्हल (उतार दाखवणारी बुडबुड्याची पट्टी) ठेवून पाहिली, तर गाडी एका बाजूला चांगलीच कललेली. या फ्रिजला कॉम्प्रेसर नसतो. नळ्यांतलं अमोनियाचं द्रावण गुरुत्वाकर्षणानेच खाली वाहतं. गाडी कलली की ते अडकतं, आणि फ्रिज तसाच चालवत राहिलं तर कूलिंग युनिट कायमचं बाद होऊ शकतं. म्हणून आधी फ्रिज बंद केला. खालच्या बाजूची चाकं लेव्हलिंग ब्लॉकवर (उंची वाढवणाऱ्या ठोकळ्यांवर) चढवली, हँडब्रेक ओढून चाकांना अडसर लावले आणि फ्रिज पुन्हा सुरू केला. सकाळी दूध थंडगार! हा फ्रिज सावकाश गार होतो, रात्रभर तरी वाट पाहा.