ड्रायपोर्टसाठी पर्यावरण सल्लागार नेमताय? या चुका टाळा

सिंदी रेल्वे गावातला ड्रायपोर्ट, म्हणजे समुद्रापासून दूर रेल्वे-रस्त्याने कंटेनर हाताळणारं कोरडं बंदर, जवाहरलाल नेहरू बंदराचा असला, तरी तिथली धूळ, ट्रक आणि पाणी वर्धा जिल्ह्याचंच. अशा सार्वजनिक प्रकल्पांना बाहेरचे सल्लागार नेमताना त्याच त्या चुका वर्षानुवर्षं होत आहेत, आणि भुर्दंड शेवटी गावाला बसतो.

सगळ्यात महागात पडते ती हवा-पाण्याची मोजणी स्वतः न पाहण्याची चूक. पर्यावरण आघात अहवालासाठी (प्रकल्पाचा परिसरावर काय परिणाम होईल ते सांगणारा अहवाल) पावसाळा सोडून एका हंगामाची माहिती लागते. हवेसाठी साधारण 12 आठवडे, आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी 24 तास धूळ मोजणारं यंत्र चालवायचं. आमच्या भागातल्या एका प्रकल्पात सल्लागाराच्या पोरांनी हे यंत्र एका शेतातल्या खोलीवर बसवलं, कारण जागा फुकट आणि रस्त्यालगत होती. वीज शेतीच्या फीडरची. अहवालात मात्र प्रत्येक नोंदीपुढे 24 तास. जनसुनावणीत मागच्या रांगेतून एक शेतकरी उठला: "साहेब, आमच्या फीडरले तं आठ घंटेच लाइन राहते. तुमची मशीन चोवीस घंटे कशावर चालली?" मंचावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. ते वाक्य इतिवृत्तात गेलं, मोजणी नव्याने करावी लागली आणि एक हंगाम गेला.

यातलं गणित समजून घ्या. यंत्र आठ तास चाललं आणि त्याने ओढलेली हवा 24 तासांची धरली, तर धूळ तिपटीने कमी दिसते. खरी दर घनमीटरला 150 मायक्रोग्रॅम असेल तर कागदावर 50 येते, आणि पीएम 10 ची, म्हणजे हवेतल्या बारीक धुळीची, 24 तासांची मर्यादा आहे 100. म्हणजे मर्यादा ओलांडलेलं गाव कागदावर स्वच्छ ठरतं. म्हणून मी यंत्रावरच्या तासमापकाचा सुरुवातीचा आणि शेवटचा फोटो मागतो, तारीख-वेळेसकट. फोटो नसेल तर बिल पुढे जात नाही. यंत्र कुठे आहे तेही स्वतः जाऊन बघतो. जिनिंगच्या भिंतीला किंवा वीटभट्टीला खेटून ठेवलेलं यंत्र प्रकल्पाआधीच गावाची हवा बिघडलेली दाखवतं, आणि उद्या प्रकल्पाची धूळ त्यातच खपून जाते.

दुसरी चूक म्हणजे 'सर्वात कमी दर' पाहून काम देणं. अहवाल आणि सिमेंट एकाच तराजूत तोलू नका. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियम 2017 मध्ये गुणवत्ता आणि खर्च दोन्ही पाहून निवड करण्याची सोय आहे, आणि तांत्रिक बाजूला 80 टक्क्यांपर्यंत वजन देता येतं. तरीही "ऑडिट लागेल" म्हणून साहेब लोक स्वस्तातला घेतात. स्वस्तातला सल्लागार जागेवर येतच नाही, जुना अहवाल उघडून गावाचं नाव बदलतो. शाश्वततेच्या अहवालात जहाजांना किनाऱ्यावरून वीज देण्याचं प्रकरण दिसलं, की समजा तो समुद्री बंदराचा मजकूर आहे. ड्रायपोर्टचं कार्बन मोजायचं तर रीच स्टॅकरचं (कंटेनर उचलणाऱ्या यंत्राचं) डिझेल, ट्रकच्या फेऱ्या आणि रेल्वे रेक मोजावे लागतात.

बाकीच्या चुका थोडक्यात.

नॅबेटचं (पर्यावरण सल्लागारांना मान्यता देणाऱ्या संस्थेचं) प्रमाणपत्र आहे एवढ्यावर थांबू नका. तुमच्या प्रकल्पाचं क्षेत्र आणि प्रवर्ग त्यात आहे का, ते वाचा.

निविदेत नाव असलेला तज्ज्ञ प्रत्यक्ष येतो का ते पाहा. मी पहिल्या बैठकीलाच त्याला बोलावतो.

कार्यादेश जूनमध्ये काढून ऑगस्टमध्ये अहवाल मागू नका. अशी घाई सल्लागाराला मागच्या तारखा टाकायला लावते. ऑक्टोबरपर्यंत थांबा, तोवर विहिरींची यादी तरी होईल.

कच्च्या नोंदी, प्रयोगशाळेचे अहवाल आणि नकाशांच्या मूळ फायली संस्थेच्या मालकीच्या राहतील, हे करारात लिहा. नाहीतर सल्लागार बदलला की सगळं शून्यापासून.

आणि "चूक झाली तर सल्लागार बघेल" हा समज सोडा. पर्यावरण मंजुरीच्या 2006 च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार जाणूनबुजून खोटी किंवा दिशाभूल करणारी माहिती दिली, तर अर्ज फेटाळला जाऊ शकतो, मिळालेली मंजुरीही रद्द होऊ शकते. अर्ज तुमच्या संस्थेचा असतो. त्यामुळे सही करण्याआधी अहवालातली विहिरींची पानं घेऊन सरपंचाला आणि पाणीपुरवठ्याच्या माणसाला सोबत बसवा, आणि कोणती विहीर उन्हाळ्यात आटते ते त्यांना विचारा. अहवालात तिला बारमाही लिहिलं असेल, तर ते पान सल्लागाराकडे परत पाठवा.